मावशींच्या फोनचा कान

गिरणीच्या पट्ट्याच्या वर भिंतीत एक खिळा आहे. त्याला प्लास्टिकची एक पिशवी लटकलेली आहे आणि तिच्यात हेडफोनचे दहा जॅक आहेत. कोरे करकरीत, आणि दहाच्या दहा चुकीचे. दळण घेऊन आलेली पोरं विचारतात, "काका, हे काय?" मी सांगतो, "रेडिओचं सामान." ते खोटं नाही. पण ज्या कामासाठी ते मागवले होते ते काम रेडिओचं नव्हतं, आणि ती हकिकत मी आजवर कुणाला सलग सांगितलेली नाही. तुकड्यातुकड्यांत सांगितली आहे; माझी लाज राहील एवढाच तुकडा.

मी मूळचा रेडिओवाला. 1988 साली बीडच्या आयटीआयमधून रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा ट्रेड करून बाहेर पडलो आणि केजच्या स्टँडजवळ पत्र्याची टपरी टाकली. लग्नात मिळालेले फिलिप्स, मर्फी, बुश यायचे. पुढं टेपरेकॉर्डर आले, बॅटरीवर चालणारे छोटे टीव्ही आले. लोक मला 'मिस्त्री' म्हणायचे. मग चिनी रेडिओ दुरुस्तीच्या पैशात नवा मिळायला लागला आणि टपरीवर माणूस फिरकेना. गावात येऊन पिठाची गिरणी टाकली. नाव मात्र 'मिस्त्री'च राहिलं, आणि खरं सांगायचं तर ते टिकावं म्हणून मी धडपडायचो. कुणाची टॉर्च, कुणाचा मिक्सर, कुणाचा चार्जर. पैसे घ्यायचो नाही. पैसे घेतले नाहीत की चूक झाल्यावर कुणी जाब विचारत नाही, हा फायदा त्या वेळी माझ्या ध्यानात नव्हता, असं म्हणवत नाही.

2018 चं साल. पावसानं हात आखडता घेतला होता. ऑक्टोबर संपता संपता सरकारनं 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आमचा भागही होता. रब्बीची ज्वारी पेरायलाच ओल नव्हती, मग दळायला कुठून येणार? रेशनचे गहू तेवढे यायचे. दिवसातून चार वेळा पट्टा फिरला तर फिरला. दसऱ्यापासूनच मुकादमांचे ट्रक भरायला लागले होते. दर वर्षी जातात त्यापेक्षा जास्त कोयते त्या वर्षी गेले. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ऊसतोडीत हजेरी माणसाची नसते, जोडीची असते. दिवाळीपर्यंत वस्त्यांवर म्हातारी माणसं, कुत्री आणि कुलपं एवढंच उरलं.

अशा रिकाम्या दुपारी मावशी आल्या. डोंगराकडच्या वस्तीवरच्या. गिरणीपासून तीनेक किलोमीटर चालत. कमरेच्या पिशवीतून रबर लावलेला मोबाइल काढून त्यांनी माझ्या पुढ्यात ठेवला. बटनांचा, टॉर्चवाला, त्या वेळी सातआठशे रुपयांत मिळायचा तसला.

"भाऊ, ह्येच्यातून पोराचा आवाजच यीना गेलाय. घंटी वाजती, मी बटन दाबते, हॅलो हॅलो करते, तिकडून काय बी नाही."

"कवापासून?"

"चार दिस झाले. पोरगं कराडाच्या पुढं हाय, कारखान्यावर. सुनंला, नातवाला घिऊन गेलंय. रोज रातीला फोन करतंय बिचारं."

मी फोन हातात घेतला. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात हेडफोनचं बारीक चित्र दिसत होतं. हेडफोन तर लावलेलाच नव्हता. मी मनातल्या मनात हसलो. रोग ओळखला होता.

जुन्या ट्रान्झिस्टरलाही हेच व्हायचं. जॅकच्या आत पितळेचं एक पातळ पान असतं. पिन आत गेली की ते पान बाजूला सरकतं आणि स्पीकरकडं जाणारा रस्ता तुटतो. आवाज एकट्या कानात. पिन काढली की पान परत टेकतं, स्पीकर बोलायला लागतो. पान वाकलं किंवा काळं पडलं की पिन नसतानाही रेडिओ मुका. चिमट्यानं पान वाकवायचं, बारीक पॉलिश पेपर फिरवायचा, चहा पिऊन होईपर्यंत काम खलास. मोबाइलमध्ये एवढाच फरक की ते पान स्वतः आवाज वाहून नेत नाही. ते चिपला नुसती खबर देतं, कुणीतरी आत आलंय. मग चिप आवाज तिकडं वळवते. खबर खोटी असली तरी चिप त्यावरच चालते.

हा जॅक म्हणजे माझ्या ओळखीतला, असं मला वाटत होतं. त्याचा आजा टेलिफोन एक्स्चेंजमधला; ऑपरेटर बाया दोऱ्या उपसून या भोकातून त्या भोकात खुपसायच्या, तो पाव इंची. ट्रान्झिस्टर खिशात मावायला लागला तसा त्याचा नातू 3.5 मिलिमीटरचा झाला. 1979 साली सोनीनं वॉकमन काढला आणि हा नातू जगभर पोचला. 2016 मध्ये ॲपलनं आयफोन 7 मधून त्याला काढून टाकलं, त्याची पेपरात बातमी झाली होती. मी ती वाचून गिरणीत बसलेल्या लोकांना म्हणालो होतो, "आपल्याकडं अजून पन्नास वर्षं चालतोय हा."

"ठिवा मावशी," मी म्हणालो. "उद्या या. दहा मिनटाचं काम हाय."

दहा मिनिटांचं होतं तर त्यांना तिथंच बसवून करून का दिलं नाही? कारण त्या गेल्यावर निवांत करावं, असं वाटलं. समोर कुणी असलं की हात अवघडतो. टपरीवरही माझी हीच सवय होती.

त्या गेल्या आणि मी माझा हेडफोन आणून पिन आत घातली. ती पुरती बसेना. दोन-तीन मिलिमीटर बाहेर राहत होती. इथं थांबायला हवं होतं. पिन पुरती जात नाही म्हणजे आत काहीतरी आहे, हे शाळेतल्या पोरालाही कळेल. मला वाटलं, कचरा असेल. शेतातून हिंडणारा फोन, माती-भुसा गेला असणार. मी पिन जोरानं दाबली. मग टॉर्च मारून पाहिलं तर तळाशी चकचकीत काहीतरी दिसलं. ते जॅकचंच पितळ असेल असं समजून मी दाभण घेतलं आणि कडेकडेनं कोरलं. पेट्रोलचा थेंब सोडला. फुंकलं. पुन्हा पिन दाबली. हेडफोनचं चित्र तसंच.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्यावर सहज विचारलं, "ह्येच्यात काय घालीत होता का?"

"तार घालीत होते की. रेडूसाठी."

हा प्रश्न आदल्या दिवशी विचारला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. त्यांनी पिशवीतून ती तार काढली. नातवानं एका मोडक्या हेडफोनची बोंडं कापून टाकली होती आणि पिन व हातभर वायर ठेवली होती. गावोगाव हे करतात. मोबाइलमधल्या एफएमला सहसा स्वतःची एरियल नसते. हेडफोनची वायर हीच एरियल. एफएमच्या लाटेची लांबी तीन मीटरच्या आसपास, तिचा चौथा हिस्सा पाऊण मीटर, म्हणजे तेवढी वायर हेडफोनला असतेच. वायर नसली की डोंगराच्या पोटाशी आकाशवाणी बीडची नुसती खरखर ऐकू येते. म्हणून पोरानं आजीला ही शेपटी लावून दिली आणि रेडिओ स्पीकरवर टाकायला शिकवलं. मावशी सकाळची भक्तिगीतं ऐकायच्या, फोन आला की तार उपसायच्या, बोलून झालं की परत खुपसायच्या. फोन पिशवीत, तार बाहेर, कमरेला हिसके.

मी ती पिन हातात घेतली. तिला टोक नव्हतं.

भाल्याच्या पात्यासारखं जे पुढचं टोक असतं ते काळ्या रिंगच्या जागी मोडलं होतं. स्वस्तातल्या पिनांचं टोक आतल्या बारीक काडीवर उभं असतं, वाकडा हिसका बसला की तिथंच तुटतं. तुटलेलं टोक जॅकमध्येच होतं. तळाशी चकाकत होतं ते तेच. आणि मी आदल्या दिवशी पिन दाबून दाबून आणि दाभणानं ढोसून ते आणखी आत बसवलं होतं.

मावशींना मी यातलं अक्षर बोललो नाही. म्हणालो, "पार्ट बदलावा लागंल. दोन-चार दिस."

आता फेविक्विकची गोष्ट. ही मी कुणालाच सांगितलेली नाही. डोक्यात कल्पना आली की बॉलपेनच्या रिफिलची रिकामी नळी घ्यावी, तिच्या तोंडाला फेविक्विकचा थेंब लावावा, नळी आत घालून मोडक्या टोकाला टेकवावी आणि वाळल्यावर अलगद ओढून घ्यावी. कल्पना सुचल्यावर मला माझाच अभिमान वाटला होता, हेही नोंदवून ठेवतो. फेविक्विक पाण्यासारखं पातळ असतं, आणि बारीक फटीत पातळ द्रव आपोआप शिरतो, ही गोष्ट मला माहीत नव्हती असं नाही; दिव्याच्या वातीत तेल चढतं ते कशानं? मी पाच मिनिटं थांबलो आणि नळी ओढली. ती स्वच्छ बाहेर आली. थेंब आतच राहिला होता. तो टोक आणि पानं यांच्या मधल्या फटीत पाझरला आणि सगळ्याचा मिळून एक गोळा झाला. तोवर टोक नुसतं अडकलेलं होतं. आता ते जॅकचाच भाग झालं.

माझ्याकडच्या पहिल्या चार दिवसांत फोन चालू होता आणि रात्री आठच्या सुमारास वाजायचा. घंटी स्पीकरवर असते म्हणून ती ऐकू यायची. पडद्यावर पोराचं नाव. मी हिरवं बटन दाबून फोन कानाला लावायचो, काही ऐकू येतं का बघायचो, येत नव्हतं, आणि बंद करायचो. दुरुस्तीची चाचणी म्हणून. चार-पाच वेळा तरी केलं असेन. एकदा गिरणी चालू होती तरी उचलला. मी एक शब्द बोललो नाही. मला ऐकू येत नाही म्हणजे माझंही तिकडं जात नसणार, असं मी धरून चाललो होतो. ऐकायचा रस्ता वेगळा असतो आणि बोलायचा वेगळा, हे ज्या माणसानं आयटीआयच्या वहीत आकृती काढून लिहिलं आहे, त्या माणसानं असं धरून चालावं!

पुढचं नेम धरून केल्यासारखं चुकलं. पुतण्या पुण्यात असतो. त्याला फोन करून सांगितलं, बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जा आणि साडेतीनचा जॅक पाठव, एक नको, दहा पाठव. तो म्हणाला, "काका, कुठल्या मॉडेलचा?" मी म्हणालो, "जॅकला कसलं मॉडेल? साडेतीन म्हणजे साडेतीन." त्यानं मुकाट्यानं दहा जॅक घेतले आणि केजला येणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडं दिले. तेच ते, खिळ्याला लटकलेले. रेडिओच्या पाठीला नट लावून बसवायचे, लांब पायांचे. मोबाइलचा जॅक बोर्डावर आडवा निजलेला असतो. त्याला सहा चपटे पाय होते आणि ते पाय कुठं बसतात हे प्रत्येक फोनचं निराळं. भोक तेवढं सगळ्यांचं सारखं. माझ्या जमान्यातल्या पिनेला दोनच भाग असायचे, टोक आणि बूड; पुढं डाव्या-उजव्या कानासाठी तीन झाले; मोबाइलवाल्या पिनेला चार असतात, चौथा माइकचा. मी जॅक ओळखतो म्हणत होतो तो आज्याला ओळखत होतो.

ते जॅक यायच्या आधीच मी फोन उघडून बसलो होतो. गिरणीत. पिठाची धूळ सूर्याच्या तिरिपेत नाचतेय आणि खाली उघडा बोर्ड. माझं सोल्डरिंग आयर्न टपरीवरचं, 25 वॉटचं, टोक ज्वारीच्या दाण्याएवढं. जुना जॅक आधी काढून ठेवू म्हटलं. पायावर आयर्न टेकवलं, सोल्डर वितळेना. मला वाटलं आयर्न गार पडलंय, व्होल्टेज कमी असेल. आमच्याकडं व्होल्टेजवर कशाचंही खापर फोडता येतं. खरी गोष्ट अशी की आमचं जुनं साठ-चाळीसचं शिसेवालं सोल्डर 190 अंशांच्या आतच पाणी होतं. या नव्या फोनमधल्या सोल्डरमध्ये शिसं नसतं आणि ते 217 च्या पुढं गेल्याशिवाय हलत नाही. शिवाय जॅकचे मोठे पाय बोर्डाच्या तांब्याच्या थराला जोडलेले. तो थर उष्णता परातीसारखा पसरून टाकतो. मी आयर्न टेकवून धरलं ते धरलंच. जॅकचं प्लास्टिक वितळून वास सुटला. मग मी जॅकखाली बारीक स्क्रूड्रायव्हर घातला आणि उचकलं.

कुर्र असा आवाज आला. जॅक निघाला. दोन पायांबरोबर बोर्डावरचं तांबंही निघालं. ट्रॅक उखडला.

ट्रॅक उखडणं म्हणजे काय ते रेडिओवाल्याला सांगावं लागत नाही. मी बराच वेळ तसाच बसलो. बॅटरी काढलेलीच होती, मग सिम काढलं, चहाच्या पत्तीच्या रिकाम्या डब्यात ठेवलं, फोनचे तुकडे कागदात गुंडाळले आणि डबा फळीवर ठेवून दिला.

इथून पुढं मी दुरुस्ती केलीच नाही. नुसतं खोटं बोललो. मावशी एक दिवसाआड यायच्या. "पार्ट आला का भाऊ?" "पुण्याहून यायचाय मावशी." "बरं." तीन किलोमीटर येणं, तीन जाणं. एकदा त्यांनी विचारलं, "पोराचा फोन आल्ता का इथं?" मी म्हणालो, "बंद हाय ना फोन." त्या म्हणाल्या, "हां, बंदच हाय की." आणि उन्हात निघून गेल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पोराचा नंबर म्हणजे दोनचं बटन दाबून धरायचं, एवढंच ठाऊक. म्हणजे दुसऱ्या कुणाच्या फोनवरून लावायचीही सोय नव्हती. माझ्या घरात कपाटात एक जुना चालू मोबाइल पडून होता. मावशींचं सिम त्यात घालायला दोन मिनिटं लागली असती. येणारे फोन तरी आले असते. हे मला सुचलं नाही. किती दिवस सुचलं नाही? पहिल्या दिवसापासून धरून एकोणीस. तंत्र येत नाही म्हणून अडलं असतं तर समजू शकतो. सिम काढून घालायला कसलं तंत्र लागतं? माझं सगळं ध्यान त्या उखडलेल्या दोन ठिपक्यांवर होतं. तो फोन कुणाचा आणि कशासाठी, हे डोक्यातून गेलंच होतं.

एकोणिसाव्या दिवशी दिवेलागणीला गिरणीच्या दारात एक बाई उभी राहिली. तिशीची, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी, पायावर उसाच्या पाचटानं उमटलेले ओरखडे. मागं मावशी.

"फोन तुमच्याकडं हाय ना?"

ती सून होती. कराडहून पंढरपूर, बार्शी, कळंब करत एसटीनं आली होती. एका रात्रीचा आणि एका दिवसाचा प्रवास.

मी "बसा" म्हणालो. ती बसली नाही. उभ्या उभ्याच तिनं सांगितलं ते असं. आधीचे चार दिवस फोन लागायचा तेव्हा आत्याबाईचा आवाज तिकडं स्वच्छ ऐकू यायचा. "हॅलो, हॅलो, कोण हाय, ऐकू यीना." हे तिकडून ओरडायचे आणि हिकडं पोचायचं नाही. रेंजचं असंल म्हणून सोडून दिलं. पण मग पाचव्या दिवसापासून भलतंच सुरू झालं. फोन उचलला जायचा आणि कुणी बोलायचंच नाही. नुसता श्वास ऐकू यायचा. पुरुष माणसाचा. एकदा तर मशीनची घरघर आली, मोठी, आणि फोन कट झाला. त्यानंतर बंदच.

"आमाला वाटलं दवाखान्यात हायती," ती म्हणाली. "मशीन लावलंय."

कोपीत, म्हणजे तोडणीवरच्या झोपडीत, त्या रात्री कुणी झोपलं नाही. शेजारच्या वस्तीवर फोन करावा तर ती सगळी टोळीत. मुकादमाच्या घरी कळवलं, "बघून येतो" म्हणाले, कुणी आलं नाही. पोरगा निघत होता, पण गाडी भरायला गडी लागतो म्हणून मुकादमानं सोडलं नाही. मग ती निघाली. वस्तीवर पोचली तर सासू दारात गवऱ्या थापत बसलेली.

मावशी मागून म्हणाल्या, "मी काय मेले होते का गं? उगं आलीस." पण सुनेचा हात त्यांनी सोडला नव्हता.

मी फळीवरचा डबा काढला. कागद उलगडला. काही समजावून सांगायला तोंड उघडलं आणि पहिल्यांदाच जे झालं ते झालं तसं सांगितलं. फेविक्विकचं तेवढं गाळलं. सुनेनं ऐकून घेतलं. मग सासूकडं वळून म्हणाली, "आत्याबाई, घंटी वाजल्यावर बटन दाबून परत मधलं बटन दाबायचं. लाऊड होतंय. माझ्या फोनला गेल्या साली असंच झाल्तं. सगळा सीझन लाऊडवर काढला."

हेडफोनच्या रस्त्यावर आवाज गेला असला तरी लाऊड स्पीकर दाबला की तो परत स्पीकरवर येतो. पहिल्याच दिवशी, पहिल्याच मिनिटात मावशींना मी एवढं सांगितलं असतं तर त्यांना फोन माझ्याकडं ठेवायची गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं केजला गेलो. एका मोबाइलच्या दुकानात, जिथं मी एरवी पाऊल टाकलं नसतं, कारण तिथला दुरुस्ती करणारा पोरगा माझ्या टपरीच्या काळात जन्मलाही नसेल. त्यानं भिंगाखाली बोर्ड धरला आणि आधी ब्रशनं झटकला.

"काका, ह्यात पीठ हाय."

"हां."

"आन् हे कुणी काढलं? उपटून काढलंय."

"मी."

त्यानं मान वर करून पाहिलं, पुन्हा भिंगाला डोळा लावला. मला वाटलं होतं तो आता नवा जॅक शोधेल. त्यानं विचारलं, "मावशी, हेडफोन लावता का?" मावशींनी नाही म्हटलं. "मग जॅक पायजे कशाला?" जॅक नसला तरी फोनचं काही अडत नाही, त्याला फक्त खात्री पटवायची की आत कुणी नाही. त्यानं ट्रॅकवरचा हिरवा लेप पात्याच्या टोकानं खरवडला, खाली तांबं लखलखलं, आणि केसापेक्षा बारीक तारेनं ज्या दोन जागा पान टेकल्यावर जोडल्या जायच्या त्या कायमच्या जोडून टाकल्या. त्या तारेला इनॅमलचा लेप असतो. तो आधी आयर्नच्या टोकावर जाळावा लागतो, नाहीतर सोल्डर धरत नाही. एवढं एक मला माहीत होतं. मी ते बोलून दाखवलं. तो "व्हय" म्हणाला. माझ्या आयर्नबद्दल विचारल्यावर त्यानं सांगितलं की जुन्या पायांवर आधी आपलं शिसेवालं सोल्डर घालून मिसळायचं, मग सगळं कमी तापात सुटतं, उचकावं लागत नाही. टपरीवर मी हे कितीदा केलं असेन, त्याची गणती नाही.

"आन् रेडू?" मावशींनी विचारलं.

तो हसला. एरियलच्या जागेला त्यानं पाऊण मीटर वायर जोडली आणि जॅकच्या रिकाम्या भोकातून बाहेर सोडली. आत गाठ मारली, हिसका बसला तरी बोर्डाला लागू नये म्हणून. नातवाची शेपटी परत आली, यावेळी कायमची. दीडशे रुपये झाले.

घरी आल्यावर तो जुना जॅक मी खिशातून काढला. दुकानातून मागून घेतला होता. उन्हात धरून उलटा केला तर त्याच्या पाठीला टाचणीएवढं आरपार भोक होतं. टोक जिथं येऊन थांबतं, बरोबर तिथं. फोन उघडून, मागून टाचणी घालून एक ढुसणी दिली असती तर तुटकं टोक पुढून टपकन खाली पडलं असतं. ना सोल्डर, ना पुणं. मी टाचणी घालून पाहिली. हललं नाही. फेविक्विक पक्कं लागलं होतं.

खाड्याचं राहिलंच. टोळीत एकानं दांडी मारली की कोयता मोडतो आणि मुकादम दिवसाचे पैसे उचलीच्या हिशोबात चढवतो. येण्या-जाण्याचे धरून चार दिवस होत होते, वर एसटीचं भाडं. मी विचारलं तेव्हा सुनेनं आढेवेढे न घेता आकडा सांगितला. गिरणीच्या गल्ल्यात होते ते आणि घरातले मिळून मी दिले. तिनं दोनदा मोजले, पदराच्या गाठीला बांधले. उपकार झाल्यासारखं काही बोलली नाही, आणि ते बरं झालं.

पण केजच्या दुकानातली एक गोष्ट सांगायची राहिली. फोन जोडून झाल्यावर त्या पोरानं सिम घातलं, चालू केला. वरच्या कोपऱ्यातलं हेडफोनचं चित्र गेलेलं होतं. सून म्हणाली, "आत्याबाई, लावा." मावशींनी दोनचं बटन दाबून धरलं. ऊस तोडायची वेळ, पोरगा उचलेल की नाही कुणास ठाऊक. रिंग जात राहिली. मग मावशींचा चेहरा बदलला. मी एक पाऊल पुढं सरकलो, आवाज नीट येतोय का बघावं म्हणून. मिस्त्रीची खोड. मावशींनी फोन कानाशी घट्ट धरला, माझ्याकडं पाठ केली आणि दुकानाच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला जाऊन बोलायला लागल्या.